उत्तर-आधुनिक काळातील चर्च : न्यूबिगिन यांची विन्सन ग्रीनची मंडळी आणि टिळकांचा दरबार

मिडलंड्सकर

नमस्कार.

गेली अकरा वर्षे मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहते. माहेर नगर जिल्ह्यातले, घरात चार पिढ्यांचा ख्रिस्ती वारसा, आणि लहानपण महिला मंडळाच्या भजनांत गेलेले. इथल्या ज्या मंडळीचे, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायाचे, आम्ही सभासद आहोत, तिने पुढच्या महिन्यात एक बैठक बोलावली आहे. पुढची दहा वर्षे ही मंडळी कोणासाठी आणि कशा रीतीने चालवायची, एवढा एकच विषय तिच्यापुढे आहे. मला त्या बैठकीत बोलायचे आहे. इंग्रजीत बोलण्याआधी हा विषय मराठीत नीट उलगडून पाहावा आणि जाणत्यांचे ऐकावे, म्हणून हा धागा काढते आहे.

बैठकीची वेळ का आली, ते आकड्यांवरून कळते. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९.३ टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असा नोंदवला होता. २०२१ मध्ये ते प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आले, आणि ‘कोणताही धर्म नाही’ असे नोंदवणारे २५.२ टक्क्यांवरून ३७.२ टक्क्यांवर गेले. आमच्या रविवारच्या उपासनेला साठएक माणसे असतात आणि त्यांतली बहुतेक माझ्या आईच्या वयाची आहेत. माझा सतरा वर्षांचा मुलगा गेल्या नाताळानंतर यायचा थांबला. आमचे त्यावरून भांडण झाले नाही. भांडी विसळता विसळता तो एवढेच म्हणाला, “आई, येशूबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि मी फक्त मान डोलवायची असते.” तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

ज्याला उत्तर-आधुनिक म्हणतात, त्या मनोवृत्तीचे वर्णन फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांनी १९७९ साली ‘महाकथनांविषयीचा अविश्वास’ अशा आशयाच्या शब्दांत केले. विज्ञानाने माणूस सुखी होणार, क्रांतीने समता येणार, इतिहास एका ठरलेल्या दिशेने चालला आहे, अशा ज्या मोठ्या कथांवर आधुनिक युग उभे राहिले, त्या सगळ्याच कथांकडे आता संशयाने पाहिले जाते. चर्चची अडचण अशी, की बायबलच्या पहिल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकापासून शेवटच्या ‘प्रकटीकरणा’पर्यंत आपण जी सांगतो तीही एक मोठी कथाच आहे. ती सांगणारा व्यासपीठावर उभा असतो आणि ऐकणारे बाकांवर गप्प बसलेले असतात. मुलाचा आक्षेप कथेला आहे की त्या मांडणीला, याचा विचार करताना मी लेस्ली न्यूबिगिन यांच्यापाशी येऊन थांबले.

न्यूबिगिन १९३६ साली मिशनरी म्हणून मद्रास इलाख्यात आले आणि १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली तेव्हा तिच्या पहिल्या बिशपांपैकी एक झाले. १९७४ साली ते मायदेशी परतले आणि बर्मिंगहॅममध्ये शिकवू लागले. पुढे सत्तरीच्या घरात त्यांनी त्याच शहरातल्या विन्सन ग्रीन या गरीब वस्तीतली, तुरुंगासमोरची एक लहानशी मंडळी सांभाळायला घेतली. ती बंद करण्याचा विचार चालू होता. भारतातून इंग्लंडात येताना सर्वांत कठीण काय वाटले, असे लोक त्यांना विचारत, तेव्हा आशा नाहीशी झालेली पाहणे कठीण वाटले, असे ते सांगत. मद्रासच्या झोपडपट्टीतही उद्या काही बरे घडेल असे माणसांना वाटे; इथे तसे वाटणारी माणसे त्यांना फार थोडी भेटली. दारोदार जाताना त्यांना विरोधापेक्षा थंड उपेक्षा अधिक जड वाटली. त्या अनुभवातून त्यांनी १९८९ च्या पुस्तकात एक विचार मांडला. अनेक मतांच्या समाजात सुवार्तेचा, म्हणजे येशूच्या शुभसंदेशाचा, अर्थ उलगडून तो पटवून देणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवून तिच्याप्रमाणे जगणारी माणसांची मंडळी. प्रवचन, पुस्तक, वादविवाद यांचे काम त्यानंतर सुरू होते.

आता इथल्या चर्चने काय केले ते सांगते. चर्च ऑफ इंग्लंडने २००४ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. लोकांनी आपल्या इमारतीत येण्याची वाट पाहत न बसता, ते जिथे आणि जसे आहेत तिथे नव्या मंडळ्या उभ्या राहू द्याव्यात, असा त्याचा गाभा होता. कॅफेत, शाळेत, स्केटबोर्ड खेळणाऱ्या मुलांमध्ये अशा मंडळ्या सुरू झाल्या. त्यांतला मला सर्वांत भावलेला प्रकार त्याच वर्षी पोर्ट्समथजवळच्या काउप्लेन इथल्या चर्चमध्ये सुरू झाला आणि ‘मेसी चर्च’ या नावाने पुष्कळ देशांत पोचला. मेसी म्हणजे पसारा, राडा. महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर आईबाप आणि मुले एकत्र येतात. बायबलमधल्या एखाद्या प्रसंगावर हातांनी काहीतरी बनवतात, मग थोडा वेळ उपासना होते, आणि शेवटी सगळे एका टेबलावर बसून गरम जेवण जेवतात.

शेजारच्या गावातल्या अशा एका संध्याकाळी मी मदतीला गेले होते. हरवलेल्या मेंढराचा दाखला होता. कापसाचे बोळे आणि डिंक घेऊन मुले मेंढरे करत होती. हाताला डिंक माखलेला, अंगावर कामाचा गणवेश तसाच असलेला एक बाप मुलाला म्हणाला, की नव्याण्णव सोडून एकामागे जाणे हा मूर्खपणा आहे, मी गोदामात असे केले तर नोकरी जाईल. टेबलाशी बसलेली म्हातारी बाई त्याला म्हणाली, “हो ना, मलाही तसंच वाटतं दर वेळी.” पुढची पंधरा मिनिटे त्या टेबलावर जे बोलणे झाले, तसे बोलणे मी आमच्या बाकांवर अकरा वर्षांत ऐकलेले नाही. त्या बापाला कोणी दुरुस्त केले नाही आणि दाखलाही कोणी सौम्य केला नाही.

तरीही मला एक शंका आहे, आणि ती बैठकीत मांडायची की नाही हे ठरत नाही. ज्याला जे आवडेल ते चर्च त्याला द्यायचे, ही कल्पना मला सुवार्तेपेक्षा सुपरमार्केटच्या जवळची वाटते. उत्तर-आधुनिक माणूस संशयी असतो, तसाच तो गिऱ्हाईकही असतो. त्याच्या संशयाचा आदर करावा आणि गिऱ्हाईकपणाला मात्र शरण जाऊ नये, हे कसे साधायचे? आणि आपल्या मराठी मंडळीने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच एका परीने सोडवला होता का? माझ्या मनात ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांचा ‘देवाचा दरबार’ आहे. जाणकारांनी लिहावे.

निवृत्त_पाळक

ताई, धागा फार मनापासून काढला आहे. मराठवाड्यात आणि नगर भागात मिळून चौतीस वर्षे पाळकाचे काम केले, म्हणून थोडे लिहितो.

आधी सावधगिरीचे. ‘तुझे सत्य तुझ्यापाशी, माझे माझ्यापाशी’ ही भूमिका मंडळीने घेतली, तर तिच्यापाशी सांगण्यासारखे काहीच उरत नाही. येशू मेलेल्यांतून उठला ही गोष्ट एकतर घडली आहे किंवा घडलेली नाही. ती कोणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही. न्यूबिगिन यांचा आधार घेताना लक्षात ठेवावे, की या मुद्द्यावर ते जन्मभर ठाम राहिले.

आता दुसरी बाजू, तीही त्यांच्याच आयुष्यातली. कांचीपुरमला असताना ते आठवड्यातली एक संध्याकाळ रामकृष्ण मिशनच्या मठात, संन्याशांबरोबर जमिनीवर बसून घालवत. सर्व मिळून उपनिषदे वाचत आणि शुभवर्तमाने वाचत. मठाच्या दालनात जगातल्या धर्मगुरूंच्या तसबिरी होत्या, त्यांत येशूचीही होती, आणि नाताळच्या दिवशी तिची पूजा होई. न्यूबिगिन यांना प्रथम वाटले, की या लोकांनी येशूला आपल्या विचारविश्वात सोयीस्करपणे बसवून घेतले आहे. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आले, की आपणही तेच केले आहे. युरोपच्या बुद्धिवादी, प्रगतीवादी चौकटीत आपणही येशूला बसवून घेतले आहे, फक्त ती चौकट आपल्या डोळ्यांवरच असल्यामुळे आपल्याला दिसली नाही.

संस्कृतीशी जुळवून घ्यावे की नाही, हा प्रश्न मला म्हणूनच चुकीचा वाटतो. जुळवून घेतलेले असतेच. आपल्या जुन्या चर्चमधले बाक, काळा झगा, चार आवाजांतली गीते, पुरुषांनी एका बाजूला आणि स्त्रियांनी दुसऱ्या बाजूला बसणे, यांतले नव्या करारातून काय आले आणि एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतून व महाराष्ट्रातल्या गावगाड्यातून काय आले, हे वेगळे करून पाहण्याचे धैर्य हवे. टिळकांनी ते केले. १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडून त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले, आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावे, असा दरबार उभारायला घेतला. १९१९ साली ते गेले आणि ते काम पुढे टिकले नाही. टिळकांची भजने मंडळीने उचलली. दरबार मात्र उचलला नाही. भजने गायला सोपी होती. दरबारात कोणाला बसू द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार सोडणे आम्हा पाळकांना सोपे नव्हते, हे मी स्वतःला धरून लिहितो.

हडपसरची_पायवाट

मी ताईंच्या मुलासारखाच एक, वयाने फक्त बारा वर्षांनी मोठा. तरुण संघाचा सचिव होतो. आता वर्षातून दोन-तीनदा उपासनेला जातो.

माझ्याबाबतीत काय घडले ते सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. आई कामावर असताना मी त्यांच्याकडे वाढलो. त्या रोज हरिपाठ म्हणायच्या आणि मला ताप आला की उशाशी बसायच्या. त्या गेल्या त्या आठवड्यात तरुण संघाच्या बायबल अभ्यासात मी विचारले, की आजी आता कुठे आहेत? आमच्या मार्गदर्शकांनी पुस्तक मिटले आणि अशा शंका सैतानाकडून येतात, तू प्रार्थना वाढव, असे सांगितले. मला सिद्धान्त नको होता. त्यांनी ‘मला माहीत नाही, पण देव न्यायी आहे आणि दयाळूही आहे, चल, आपण दोघे मिळून याचा विचार करू’ एवढे म्हटले असते, तर मी आजही तिथे असतो.

त्यानंतर त्या मंडळीने तरुणांना परत आणण्यासाठी पुष्कळ केले. मोठा पडदा आला, ढोल-तबला जाऊन ड्रमसेट आला, रंगीत दिवे आले, गीते अर्धी हिंदी आणि अर्धी इंग्रजी झाली. हे करणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. रात्र रात्र जागून ती मुले तार जोडत बसत. पण पडद्यावरचा संदेश जुन्या व्यासपीठावरच्या संदेशाइतकाच एकतर्फी राहिला. पूर्वी पाळकसाहेब निदान दारात उभे राहून हात हातात घेत, घरचे विचारत. आता गर्दीत तेही होत नाही. माझ्या पिढीला चकचकीतपणा दिवसभर फोनवर मिळतो. जो आपल्या नावाने ओळखेल, आपण चूक बोललो तरी उठून जाणार नाही, आणि स्वतःची चूक कबूल करेल, असा माणूस तिथे मिळत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबाची. आमच्याकडे अर्पणाचा वार्षिक हिशेब मागितला की तो अविश्वास समजला जायचा. मला ते कधी पटले नाही. बँक, सरकार, कंपनी, सगळ्यांनाच आम्ही प्रश्न विचारत वाढलो आहोत. मंडळीला तेच प्रश्न विचारतो तेव्हा तिला आपले मानतो म्हणूनच विचारतो.

मिडलंड्सकर

तुमच्या आजींबद्दल वाचून खूप वेळ पुढे काही वाचवले नाही. मनापासून आभार.

हिशेबाच्या आणि चूक कबूल करण्याच्या मुद्द्यावर इथला ताजा अनुभव सांगण्यासारखा आहे. ख्रिस्ती शिबिरांशी संबंधित एका प्रौढाने अनेक वर्षे मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणात चर्चने वेळीच पुरेसे केले नाही, असा निष्कर्ष चौकशी अहवालात आला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. त्या रविवारी आमच्या पाळकबाईंनी ठरलेले प्रवचन बाजूला ठेवले. त्या व्यासपीठावरून खाली आल्या, पहिल्या बाकाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की आज मी काही शिकवणार नाही. ज्यांना राग आला आहे त्यांनी बोलावे. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग गायनवृंदातले एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ उभे राहिले आणि स्वतःच्या शाळेतल्या दिवसांबद्दल दोन वाक्ये बोलून खाली बसले. त्यांच्या पत्नीलाही ते तोवर माहीत नव्हते. माझा मुलगा तेव्हा अजून येत होता. घरी आल्यावर तो म्हणाला, की चर्चमध्ये कोणी खरे बोलताना त्याने पहिल्यांदाच ऐकले.

उत्तर-आधुनिक मन अधिकाराला नाकारते असे आपण म्हणतो. मला वाटते, ते झाकपाक करणाऱ्या अधिकाराला नाकारते. जखम दाखवणाऱ्याचे ऐकते. संशय घेणाऱ्या थोमा या शिष्याला विश्वास बसावा म्हणून प्रभूने त्याला हातांवरचे व्रण दाखवले होते, याची त्या रविवारी मला आठवण झाली.

निवृत्त पाळकांनी चौकटीबद्दल लिहिले, त्याला जोडून तेझेचा उल्लेख करते. फ्रान्समधल्या या खेड्यात ब्रदर रॉजर १९४० साली आले आणि तिथे मठवासी बंधूंचा समाज उभा राहिला, त्यात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही आहेत. दर उन्हाळ्यात हजारो तरुण तिथे आठवडा-आठवडा राहायला जातात. तिथे पडदा नाही, प्रवचनही जवळजवळ नाही. एकच ओळ दहा, वीस वेळा गायची आणि मग सर्वांनी दीर्घकाळ शांत बसायचे. मी गेले तेव्हा जमिनीवर मांडी घालून बसले आणि तिसऱ्या आवर्तनाला मला आमच्या महिला मंडळातले ध्रुपद आठवले. हे तर आमच्या घरात होते, ते शोधायला मी फ्रान्सपर्यंत आले, असे वाटून रडू आले.

वसईची_केळ

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमची वाट थोडी वेगळी, पण सांगण्यासारखी आहे. माझ्या आजीच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयागाची उपासना, लॅटिनमध्ये असे, फादर वेदीकडे तोंड करून उभे असत आणि बाया बाकांवर बसून रोझरीचे मणी ओढत असत, कारण समोर काय चालले आहे ते त्यांना कळत नसे. १९६२ ते १९६५ या काळात कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि त्यानंतर आमच्याकडे ख्रिस्तयाग मराठीत आला. आजी सांगायची, की पहिल्यांदा मराठीतून ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ ऐकले तेव्हा आपल्यालाच कोणी हाक मारली असे वाटले.

पण भाषा बदलल्याने सगळे झाले असे मी म्हणणार नाही. ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध नाही अशा माणसांनी आमच्या धर्मगुरूंकडे आदराने पाहिले, ते दुसऱ्याच कारणाने. वसईची जमीन आणि पाणी बिल्डरांच्या घशात जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात पुढे उभे राहिले. ते धोक्याचे काम होते. त्या सभांना हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती शेतकरी एकाच मैदानात बसत. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधही झाला. पण ज्यांनी त्यांना मैदानात पाहिले होते, त्यांना ते कोण आहेत हे सांगावे लागले नाही. आमच्या वाडीतल्या विहिरीला गोडे पाणी राहावे म्हणून जो माणूस उभा राहतो, त्याच्या देवाबद्दल ऐकून घ्यायला लोक तयार होतात. मिडलंड्सकर, तुमच्या गावात विहिरीच्या जागी काय आहे, हे बैठकीत विचारून पाहा.

गोदाकाठ

इतक्या चांगल्या चर्चेत थोडा वेगळा सूर लावतो.

महाकथनांवरचा अविश्वास पॅरिसमध्ये १९७९ साली जन्माला आला असे वाचले की मला माझा पणजोबा आठवतो. गावकुसाबाहेर राहणाऱ्या त्या माणसाला एक फार मोठी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली होती, की तू याच कामासाठी जन्मला आहेस. त्या कथेवर अविश्वास दाखवूनच तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेता झाला. आमच्यासाठी सुवार्ता ही लादलेली मोठी कथा नव्हती. लादलेल्या कथेतून बाहेर पडण्याचा तो दरवाजा होता. आत आल्यावर काय दिसले तेही सांगायला हवे. काही मंडळ्यांत लग्न जुळवताना मूळ जात विचारली जात होती, अजूनही विचारली जाते. सरकारदरबारी १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेला दलित यादीबाहेर राहिला. शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली त्यात आले, आम्ही आजही बाहेर आहोत. म्हणजे गावाने जात विसरली नाही, मंडळीने पुरती सोडली नाही, आणि सरकारने मात्र ती गेली असे गृहीत धरले.

१९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईश्वरविद्येची मांडणी केली. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात इस्राएली माणूस अर्पण आणताना, आपला पूर्वज भटका अरामी होता, असे आधी कबूल करतो आणि मग देवाने काय केले ते सांगतो. निर्मळांनी हा उतारा दलित ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ठेवून वाचला. आपण कोण होतो हे लपवून विश्वासाची कबुली देता येत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो.

ताई, तुमच्या मंडळीने स्थानिक गोऱ्या मध्यमवर्गाच्या संशयाचाच फक्त विचार करू नये. तुमच्या गावात केरळ, नायजेरिया, पंजाब इथून आलेली माणसे असतील. त्यांना प्रश्न विचारायची मोकळीक हवी आहेच, पण त्याआधी त्यांची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकली जायला हवी. बैठकीत कोण बोलणार आहे, हे बैठकीच्या विषयाइतकेच महत्त्वाचे आहे.

वारीचा_वाटसरू

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. चर्चा आदराने चालली आहे म्हणून एक गोष्ट सरळ विचारतो. कीर्तन, अभंग, संन्याशाची वस्त्रे हे आमच्या घरातले आहे. ते घेऊन कोणी दुसऱ्या धर्माचा प्रचार करतो, तेव्हा आमच्या गावात ते वेषांतर वाटते. संस्कृतीशी जुळवून घेणे आणि वेष पालटणे यांत फरक कुठे आहे?

निवृत्त_पाळक

प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारल्याबद्दल तुमचे आभार मानतो.

मला उमगलेला फरक असा. वेष पालटणारा आपले नाव लपवतो. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्ताचे नाव उघडपणे आहे. ऐकणाऱ्याला फसवून काही पोचवण्याचा त्यांत प्रयत्न नाही. शिवाय अभंग त्यांनी उसना घेतला नव्हता. ते कोकणातल्या ब्राह्मण घरात वाढले, तुकोबांच्या वाणीवर पोसले गेले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो असे सांगत. माणसाने प्रार्थना आपल्या मातृभाषेत करावी, तसे ते होते. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन सुरू केले, त्यामागेही आपल्याच मातीतल्या रीतीने गाण्याची ओढ होती. त्याही आधी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचले, ते १६१६ साली छापले गेले. ते परदेशी होते, पण नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण हवे आहे हे त्यांनी ओळखले.

तरी तुमच्या प्रश्नातली बोच मी टाळत नाही. नाव लपवून, उपचाराचे किंवा शिकवणीचे निमित्त करून कोणी सुवार्ता सांगत असेल, तर ते मला मान्य नाही. टिळकांना नवा करार दिला तो आगगाडीतल्या एका अनोळखी सहप्रवाशाने. दोघे आधी काव्यावर बोलत होते, मग त्याने पुस्तक हातात दिले. टिळकांनी वाचले, शंका काढल्या, दोन वर्षे झगडले आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षे लागली. कोणी घाई केली नाही, आणि घाई न केल्यामुळेच ती माणसे इतकी खरी झाली.

मिडलंड्सकर

सर्वांचे लिहिणे दोन-तीनदा वाचले. गोदाकाठ यांच्या शेवटच्या वाक्यावर मी काल पाळकबाईंशी बोलले. बैठकीत बोलणाऱ्या सहा जणांच्या यादीत सहाही जण इथेच जन्मलेले होते, आणि हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नव्हते. आता नायजेरियाच्या एक नर्सबाई आणि मेसी चर्चमधला तो गोदामात काम करणारा बाप बोलणार आहेत. बाप प्रथम नाही म्हणाला. आपला विश्वास आहे की नाही हेच आपल्याला माहीत नाही, असे त्याचे म्हणणे. पाळकबाईंनी त्याला तेच येऊन सांगायला सांगितले.

वसईच्या ताईंच्या विहिरीचा प्रश्न मी दोन-तीन शेजाऱ्यांना विचारला. प्रत्येकाने वेगळ्या शब्दांत एकच उत्तर दिले : गावातली शेवटची बँक बंद झाली, वाचनालय आठवड्यातून दोन दिवस उघडते, आणि हिवाळ्यात दुपारी कुठे बसावे अशी उबदार जागा उरलेली नाही. आमचा हॉल आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असतो, आणि त्याच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना जमिनीवर डाग पडण्याची काळजी वाटते. त्या माणसांना मी ओळखते. त्यांनीच तो हॉल वर्षानुवर्षे झाडून-पुसून टिकवला आहे. त्यांना न दुखवता कुलूप कसे काढायचे, हे मला बैठकीत बोलायचे आहे. उत्तर-आधुनिक हा शब्द मी तिथे वापरणार नाही.

एक मात्र ठरले आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ हॉल उघडायचा. सूप आणि पाव, मग शुभवर्तमानातला एक उतारा, ज्याला वाटेल त्याने वाचायचा, आणि त्यावर कोणीही काहीही विचारायचे. प्रवचन नाही. शेवटी दहा मिनिटे शांत बसायचे. मुलाला विचारले, तर तो म्हणाला, की टेबले मांडायला येईन, थांबेन की नाही ते सांगत नाही. मी आग्रह केलेला नाही.

शांत बसण्याआधी एक भजन म्हणावे असे पाळकबाईंनीच सुचवले, आणि मराठीतच म्हणा, अर्थ आम्ही कागदावर लिहून वाटू, असेही त्या म्हणाल्या. माझ्यापाशी ‘उपासना संगीत’ हे भजनांचे पुस्तक आहे, पण त्यात चाल हाताशी येत नाही, आणि आईच्या आवाजातली चाल मला अर्धीच आठवते. हडपसरची पायवाट, तुम्ही तरुण संघात होता. टिळकांच्या कुठल्याही भजनाची जुनी, पेटी-टाळांवरची चाल तुमच्याकडे किंवा घरातल्या थोरांकडे असेल, तर फोनवर ध्वनिमुद्रण करून पाठवाल का? पहिला शुक्रवार बैठकीनंतर लगेच, पंधरा तारखेला आहे.

हडपसरची_पायवाट

आईकडे आहे. ती आणि मावशी रविवारी दुपारी पेटीवर बसतात. या रविवारी मीही जातो आणि संध्याकाळपर्यंत पाठवतो.